बारापैकी आठ महिने हा पक्षी कुठे असतो? वनखात्याला एक खुले पत्र

प्रति,
मा. उपवनसंरक्षक, बेळगाव वनविभाग,
चोर्ला पट्ट्याला लागून असलेल्या महाराष्ट्र व गोवा राज्यांच्या वनखात्यांचे अधिकारी,
तसेच बेळगाव, धारवाड व कोल्हापूर येथील विद्यापीठांचे प्राणिशास्त्र विभाग

विषय: रुंदशेपट्या वटवट्याचा बारमाही अभ्यास, आणि तोवर गवताळ सड्यांवरील (डोंगरावरच्या उघड्या माळांवरील) जाळ, कापणी व वृक्षलागवड यांचे वेळापत्रक

महोदय,

मृगाचा पाऊस एकदा लागला की कणकुंबी, पारवाड, चोर्ला या बाजूच्या उघड्या उतारांवर बघता बघता गवत गुडघ्याला लागते. जुलैत धुके जरा फाटले की त्या गवतातून तांबूस तपकिरी रंगाचा एक पक्षी सरळ वर उडतो, काळसर रुंद शेपटी पसरतो आणि गात गात, फडफडत खाली उतरतो. उतरला की संपले. दोन हातांवर असला तरी दिसत नाही. इंग्रजी याद्यांत ब्रॉड-टेल्ड ग्रासबर्ड आणि शास्त्रीय भाषेत शोएनिकोला प्लॅटियुरस म्हणतात तो हा. मराठी याद्यांत त्याची नावे निरनिराळी सापडतात, म्हणून या पत्रापुरते आम्ही त्याला रुंदशेपट्या वटवट्या म्हणतो. गावात विचाराल तर गवतातल्या सगळ्याच बारक्या पाखरांना एक नाव असते, आणि ते काही चुकीचे नाही. हातात धरल्याशिवाय यांतली निम्मी ओळखू येत नाहीत.

हा पक्षी फक्त पश्चिम घाटात सापडतो. पक्षीशास्त्रज्ञ जेर्डन यांनी १८४१ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत तो ‘व्हल्नरेबल’ गटात, म्हणजे धोक्याच्या पहिल्या पायरीवर आहे. त्याचे सगळ्यात जवळचे नातलग आफ्रिकेत आहेत असे बराच काळ धरून चालले होते. २०१८ च्या जनुकीय अभ्यासानंतर ते बाजूला पडले आणि आपल्याच देशातल्या गवताळ मैदानांतला ब्रिसल्ड ग्रासबर्ड त्याचा सख्खा ठरला. नात्याचा प्रश्न असा सुटला. रोजच्या जगण्याचे प्रश्न मात्र तसेच पडून आहेत, आणि त्यांतले बरेचसे सोडवण्याची जागा आपल्या खानापूर तालुक्यात आहे.

बेळगावचा या पक्ष्याशी संबंध जुना आहे. इथल्या छावणीत नेमणुकीवर असलेले लष्करी अधिकारी ई. ए. बटलर यांनी १८८० च्या सुमारास बेळगावच्या गवती कुरणात त्याचे घरटे शोधून त्याची नोंद केली. दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्राच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८८१ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली. वाळक्या गवताच्या पात्यांचा गोळा, बाजूला तोंड, जमिनीपासून हात-दीड हातावर, दाट गवतात, सप्टेंबरचा महिना: घरट्याबद्दल आज जे सांगितले जाते त्याचा मोठा भाग अजून अशा जुन्या टिपणांवर उभा आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुस्तकांत हा पक्षी ९०० मीटरच्या वरच्या डोंगरांवरचा म्हणून येतो. बेळगाव शहर सुमारे ७५० मीटरवर आहे. म्हणजे एक तर तो उंचीचा आकडा दक्षिणेकडच्या डोंगरांवरून घेतलेला आहे, किंवा तेव्हा बेळगावभोवती जे गवत होते ते आता राहिले नाही. यांतले खरे कोणते, हे आजच्या नोंदींवरून सांगता येत नाही. बहुतेक निरीक्षक मुळात डोंगरमाथ्यावरच शोधतात.

सगळ्यात मोठे भगदाड मात्र हिवाळ्याचे आहे. आपण हा पक्षी मोजतो तो त्याच्या गाण्यावरून. जून ते सप्टेंबर तो गातो, ऑक्टोबरात थंडावतो, आणि नंतर मेअखेरपर्यंत नोंदी अगदी विरळ होतात. यावरून ‘पावसाळी पाहुणा’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि तो बहुधा घाईचा ठरेल. शक्यता तीन आहेत. पक्षी तिथेच असतो, फक्त गप्प असतो आणि गवताच्या बुडाशी उंदरासारखा चालतो. दुसरी शक्यता, सड्यावरचे गवत वाळून कापले गेले किंवा जळले की तो उतरून ओढ्याकाठच्या ओल्या, उंच गवतात किंवा कारवीच्या झुडपांच्या कडेला जातो. तिसरी, तो घाटमाथ्याने लांबवर सरकतो. प्रत्येक शक्यतेत वनखात्याने करायचे काम वेगळे निघते. पहिली खरी असेल तर जानेवारीत गवत जाळणे म्हणजे त्याचे घर जाळणे. दुसरी खरी असेल तर सडा राखून उपयोग नाही, खालचे ओढे राखले पाहिजेत. तिसरी खरी असेल तर एका राज्याच्या हातात काहीच नाही.

हे तपासायचे कसे, ते नेमके सांगतो.

हिवाळ्यात कानावर अवलंबून राहता येत नाही, म्हणून दोराची पद्धत वापरावी. २५ मीटरचा सुती दोर, दर दोन मीटरवर एक हलका डबा किंवा कापडाची चिंधी बांधलेला. दोघांनी टोके धरून, दोर गवताच्या शेंड्यांवरून ओढत, सावकाश चालायचे. तिसरा दहा पावले मागे, दुर्बीण घेऊन. उठलेला पक्षी पंधरा-वीस मीटर उडून परत गवतात पडतो, तेवढ्यात शेपटी पाहून घ्यायची. शेपटी रुंद, टोकाला गोल आणि उडताना जड वाटते. झिटिंग सिस्टिकोला याच माळांवर असतो, पण तो जेमतेम १० सेंटिमीटरचा, आणि हा १८. साधा वटवट्या लांब शेपटीचा असतो, मात्र त्याची शेपटी अरुंद. हिवाळी पाहुणा ब्लिथचा बोरू वटवट्या सहसा झुडपांत असतो, उघड्या गवतात नाही. चोचीच्या रंगावर भिस्त ठेवू नये. विणीच्या काळात नराची चोच काळी पडते, पुढे तो फरक राहत नाही, आणि हिवाळ्यातल्या ओळखी चुकतात त्या इथेच. दोराची पद्धत नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच वापरावी. जून ते ऑक्टोबर गवतात दोर ओढणे म्हणजे घरटी उलथणे.

‘दिसला नाही’ ही नोंद कुणी ठेवत नाही, ही दुसरी अडचण. समजा एका फेरीत, पक्षी तिथे असताना, तो सापडण्याची शक्यता १० पैकी ४ आहे. मग तीन फेऱ्यांत तो तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता ०.६ चा घन, म्हणजे सुमारे २२ टक्के उरते. पाच फेऱ्या केल्या तर ती ८ टक्क्यांच्या आत येते. म्हणून प्रत्येक ठिकाणी किमान पाच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, वारा, धुके आणि निकाल लिहिलेला हवा. निकाल शून्य असला तरी. आत्ताच्या नोंदी पाहिल्या तर जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी चोर्ल्याच्या रस्त्याकडेला पक्षीच पक्षी आणि आमगाव, गवाळी, कृष्णापूरच्या वाटांवर काहीच नाही, असे चित्र दिसते. तो रस्त्याचा नकाशा आहे, पक्ष्याचा नव्हे.

पावसाळी मोजणीसाठी ध्वनिमुद्रण यंत्रे वापरावीत असे आमचे ठाम मत आहे, कारण चोर्ल्याच्या पावसात माणूस पहाटे चार तास, आठवड्यामागून आठवडे उभा राहू शकत नाही. ऑडिओमॉथसारखे छोटे यंत्र तीन पेन्सिल सेलवर चालते. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकच वाहिनी धरली तर एका मिनिटाला ५.७६ मेगाबाइट लागतात. पहाटे साडेपाच ते साडेनऊ, दर १५ मिनिटांतली ५ मिनिटे, म्हणजे दिवसाला ८० मिनिटे, सुमारे ४६० मेगाबाइट. ३२ जीबीच्या कार्डावर हे दोन महिन्यांहून जास्त बसते. सेल मात्र तेवढे टिकतील असे धरू नये. ओल्या थंडीत ते लवकर बसतात, म्हणून दर तीन आठवड्यांनी बदलावेत.

बिघाड ठरलेले असतात. पेटीच्या आवाजछिद्रावरचा पडदा पाण्याने लडबडतो आणि सगळे मुद्रण पोत्यात तोंड घालून बोलल्यासारखे येते. छिद्र खाली तोंड करून, वर पत्र्याची छोटी पडवी काढून हे बरेचसे टळते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि सेल बदलताना तीही बदलावी. मुंग्या छिद्रातून आत शिरून अंडी घालतात, म्हणून खुंटावर ग्रीसचा पट्टा. म्हशी खुंटाला अंग घासतात, याला उपाय नाही. खुंट दगडी बांधाजवळ किंवा कारवीच्या जाळीला टेकून रोवावा. उंची साधारण सव्वा मीटर. फार खाली ठेवले तर गवताची सळसळच मुद्रित होते, फार वर ठेवले तर वारा. दोन यंत्रांत किमान ४०० मीटर अंतर ठेवावे, नाहीतर एकच नर दोनदा मोजला जाईल.

आणि गाणारा नर म्हणजे जोडी नव्हे, हेही स्पष्ट लिहून ठेवले पाहिजे. एका नराबरोबर माद्या किती, ओळीने दोन विणी होतात का, पिलांना काय भरवतात, घरट्यांपैकी किती यशस्वी होतात, यांपैकी एकाही प्रश्नाला आपल्या सड्यांवरचे आकडे असलेले उत्तर नाही. गाणाऱ्या नरांची संख्या वर्षानुवर्षे टिकून दिसत असेल आणि पिले एकही वाचत नसतील, असेही होऊ शकते. अशी घसरण दिसायला नर म्हातारे होऊन मरेपर्यंतचा वेळ जातो.

घरट्यांचे काम जोखमीचे आहे आणि ते थोड्याच, शिकलेल्या लोकांनी करावे. गवतात माणूस चालला की वाट पडते, आणि त्या वाटेने मुंगूस, भारद्वाज, साप घरट्यापर्यंत पोचतात. म्हणून घरट्यापाशी वाट संपवायची नाही. त्याच्या बाजूने सरळ पुढे निघून जायचे, थांबायचे नाही. चार दिवसांतून एकदाच, कोरड्या वेळी, आणि लांब काठीला लावलेल्या आरशाने आत पाहायचे. गवत बाजूला सारून फोटो घेणाऱ्याची परवानगी त्याच दिवशी रद्द करावी. मोबाइलवर आवाज वाजवून नराला समोर आणण्याची जी टूम निघाली आहे, तीही अभ्यासाच्या पट्ट्यांत बंद हवी. तो नर दहा मिनिटे मोबाइलशी भांडत बसतो, आणि आपल्या मोजणीत मात्र ‘भरपूर गाणारा’ म्हणून चढतो.

हालचाली समजण्यासाठी पक्ष्यांच्या पायांत ओळखीची वलये घालावी लागतील. २० ग्रॅमचा पक्षी धरला तर वजनाच्या ५ टक्के म्हणजे १ ग्रॅम, ही त्याने वाहायच्या ओझ्याची वरची मर्यादा. सावधपणे ३ टक्के धरले तर ०.६ ग्रॅम. उपग्रहाशी बोलणारी यंत्रे एवढी हलकी मिळत नाहीत. त्यामुळे सुरुवात रंगीत वलयांपासून करावी. धरताना मिस्ट नेटची, म्हणजे पक्षी धरायच्या बारीक जाळ्याची, खालची दोरी गवताच्या खाली जाऊ देऊ नये, भिजलेला पक्षी लगेच गारठतो; पाऊस सुरू झाला की जाळे मिटायचे, पक्षी मिळो न मिळो. वलय घातलेला एक जरी पक्षी जानेवारीत त्याच उतारावर दिसला तर वरच्या तीन शक्यतांपैकी पहिलीला वजन येईल. वर्षभरात ३०-४० पक्ष्यांना वलये घालून एकही हिवाळ्यात सापडला नाही, तर दोराने किती एकर झाडून काढले त्यावर त्या शून्याची किंमत ठरेल.

एक काम जवळजवळ फुकटचे आहे. ह्यूम यांनी आपला संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिला, आणि मुंबईत बीएनएचएसकडेही (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जुने नमुने आहेत. नमुन्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख आणि गाव असते. त्या चिठ्ठ्या महिन्यावार मांडल्या तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये पक्षी कुठे मिळत होता ते कळेल. तेव्हाचे शिकारी गाण्याची वाट पाहत नसत, गवत झोडपून काढत. विद्यापीठातल्या एखाद्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांत होण्यासारखे हे काम आहे.

आता वेळापत्रकाबद्दल, आणि इथे आमचे म्हणणे थोडे कडक आहे.

महसुली भाषेत आणि त्यामुळे वनखात्याच्याही कागदावर गवताचा सडा म्हणजे ‘पडीक’. पडीक म्हटले की झाड लावायचे, आणि लागवड पावसाळ्यातच होते. जुलैचा पहिला आठवडा वनमहोत्सवाचा. म्हणजे नर गात असतात, माद्या घरट्यांच्या जागा शोधत असतात, नेमके तेव्हा त्याच उतारांवर खड्डे, मजूर, रोपांचे ट्रॅक्टर. त्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा काजू लागला की चार-पाच वर्षांत सावली धरते, खालचे उंच गवत विरळ होते, आणि सडा या पक्ष्यापुरता संपतो. जंगल तोडल्याची बातमी होते, गवतावर जंगल लावल्याचा सत्कार होतो. अभ्यास पुरा होईपर्यंत, किमान तीन वर्षे, कणकुंबी ते चोर्ला आणि आमगाव बाजूच्या उघड्या उतारांवर नवीन लागवड करू नये, एवढीच मागणी आहे. आधी लावलेले उपटा असे आम्ही म्हणत नाही.

जाळाबद्दल आम्हीही ठाम नाही. कुसळीसारखे गवत अजिबात न जाळता, न कापता ठेवले की तीन-चार वर्षांत जुन्या वाळक्या पात्यांचा थर साचतो, झुडपे शिरतात, आणि गवतातला पक्षी जातो अशी शक्यता आहे. दरवर्षी जाळले तर घरट्याला लागणारा जुना आधार राहत नाही. धनगर-गवळ्यांना कोणत्या वर्षी कोणता उतार पेटवायचा याचे आपले गणित असते आणि ते विचारून लिहून घेतले पाहिजे. पण मोजमाप हवे असेल तर प्रयोग करावा लागेल. पाच हेक्टरचे १२ पट्टे, एकूण ६० हेक्टर. चार पट्टे दर दोन वर्षांनी जानेवारीत जाळायचे, चार फक्त कापायचे, चार तसेच सोडायचे. कोणता पट्टा कशात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. नाहीतर सोयीचा, रस्त्यालगतचा पट्टाच जाळला जातो आणि निकाल रस्त्याचा लागतो. पहिल्या वर्षी काहीच न करता फक्त मोजणी. दर महिन्याला गवताची उंची आणि दाटी, दहा-दहा सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे रंगवलेल्या फळीने, पाच मीटरवरून किती पट्टे झाकले ते मोजून. जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढलेली पट्टी, कमीत कमी सहा मीटर रुंद आणि दोनदा साफ केलेली हवी; वारा पूर्वेचा असताना घाटाच्या कडेला पेटवलेला जाळ थेट खालच्या जंगलात उतरतो.

कापणीचे मात्र आत्ताच ठरवता येईल. बटलर यांचे घरटे सप्टेंबरातले आहे, त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पिले गवतात असू शकतात हे धरून चालावे. वनखात्याच्या ताब्यातल्या कुरणांचा गवताचा लिलाव दसऱ्याच्या आधी करू नये, आणि विळा दिवाळीच्या तोंडावर लागावा. शाकारणीला आणि वैरणीला लागणारे गवत तेव्हाही मिळते; थोडे राठ होते, एवढाच फरक.

परवानगीचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अभ्यास अडतो तो तिथेच. भीमगड अभयारण्यात अभ्यासासाठी जायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो, पक्षी धरून वलय घालायचे तर कलम १२ खाली. चोर्ल्याच्या परिसरात तीन राज्ये एकमेकांना भिडतात. एकाच उतारावर तीन अर्ज, तीन मुदती. एकाचा परवाना मेमध्ये येतो, दुसऱ्याचा सप्टेंबरात, आणि पावसाळा हातचा जातो. तिन्ही खात्यांनी एकच अर्ज आणि तीन वर्षांची एकच मुदत मान्य करावी. नोंदींचा तक्ता कानडी आणि मराठी दोन्हींत छापावा. खानापूरच्या पश्चिमेकडच्या वाड्यांवर वनरक्षक कानडीत लिहितो आणि गुरे राखणारा मराठी-कोकणीत सांगतो. तक्ता एकाच भाषेत असला की मधली माहिती गळते. तक्त्यात चित्रे असावीत: शेपटीचा आकार, गवताची उंची माणसाच्या गुडघा-मांडी-कमरेशी, आणि ‘नाही दिसला’ असा ठळक चौकोन.

यंत्रांचे खुंट मेच्या शेवटच्या आठवड्यात रोवावे लागतात. जूनमध्ये कणकुंबीच्या पुढे सामान नेणे कठीण होते. त्यासाठी परवाने एप्रिलअखेर हातात हवेत, आणि लागवडीच्या यादीतून हे उतार वगळल्याचा लेखी आदेश त्याआधी, खड्ड्यांची निविदा निघण्यापूर्वी. सर्व्हे नंबरांसह उतारांची यादी आणि १२ पट्ट्यांचा कच्चा नकाशा आम्ही तयार ठेवला आहे. तो कोणत्या कार्यालयात, कोणाच्या नावे द्यायचा, एवढे कळवावे.

आपले,
खानापूर–चंदगड पट्ट्यातील गवताळ सड्यांवर पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे